२०३५ सालचा तो आकडा

गंगोत्रीची हिमनदी साधारण ३० किलोमीटर लांब आहे. तिचं टोक म्हणजे गोमुख. गेल्या काही दशकांत ते वर्षाला ढोबळमानाने २० मीटर मागे सरकत आलं आहे. आता शाळेतलं त्रैराशिक मांडा. २००७ ते २०३५ ही २८ वर्षं, गुणिले २० मीटर. अर्ध्या किलोमीटरच्या थोडं पुढे जातं. वेग दहापट वाढला असं धरलं तरी साडेपाच-सहा किलोमीटर. हिमनदी फक्त टोकाकडून आखडत नाही, वरून पातळही होत जाते, हे खरंच. पण तेवढ्याने काही २८ वर्षांत ती नाहीशी होत नाही.

तरीही २००७ साली आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या चौथ्या अहवालात छापून आलं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. त्याच वर्षी या समितीला अल गोर यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळालं.

हवामानाबद्दल बोलताना लोकांना किती घाबरवायचं आणि किती धीर द्यायचा, हा वाद हल्ली घरातल्या जेवणाच्या ताटापर्यंत आला आहे. ‘आता काही उरलं नाही’ म्हणणारे एका बाजूला, ‘निघेल काहीतरी मार्ग’ म्हणणारे दुसऱ्या. या वादाची पाळंमुळं अनेक ठिकाणी सापडतील, पण आपल्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण हिमालयाचंच आहे. एकाच चुकीच्या आकड्याने आधी भीती विकली आणि मग तोच आकडा खोडून निर्धास्तपणा विकला गेला.

आकडा आला कुठून? १९९९ साली एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाच्या मुलाखतींच्या आधारे नियतकालिकांत बातम्या आल्या. मध्य आणि पूर्व हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत जातील, असा त्यांचा सूर होता. यामागे तपासलेला शोधनिबंध नव्हता. २००५मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या पर्यावरण संस्थेने तो आकडा आपल्या अहवालात उचलला आणि आयपीसीसीने डब्ल्यूडब्ल्यूएफचा हवाला दिला. त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य होतं: हिमनद्यांचं क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, तेही २०३५पर्यंत. आता गंमत बघा. तिथेच जवळ लिहिलेलं होतं, की हिमालयातल्या हिमनद्यांनी सुमारे ३० लाख हेक्टर जागा व्यापली आहे. ३० लाख हेक्टर म्हणजे ३० हजार चौरस किलोमीटर. हिमालयाकडे मुळात ३० हजार होते, तर ५ लाखांवरून १ लाखावर यायचं कुणी?

उत्तर १९९६च्या एका रशियन अंदाजात असावं. कोतल्याकोव्ह या शास्त्रज्ञाने ध्रुवीय प्रदेश वगळता जगभरच्या सगळ्या हिमनद्यांबद्दल ५ लाखांवरून १ लाखाचा अंदाज दिला होता, आणि साल होतं २३५०. २३५०चं शेवटचं शून्य उचलून दोनाच्या पुढे ठेवलं, की झालं २०३५. आकडे असेच उलटे पडले असावेत, असा अनेकांचा तर्क आहे. मुद्रितशोधनाचं काम केलेल्या कुणालाही तो पटेल. पण ही सबब पुरेशी नाही. जवळपास हजार पानांचा ग्रंथ, शेकडो परीक्षक, आणि ऑस्ट्रियाचे हिमनदीतज्ज्ञ गेओर्ग काझर यांनी नंतर सांगितलं की आपण २००६मध्येच ही चूक कळवली होती. मग ती टिकली कशी? माझं मत विचाराल तर, ती सोयीची होती म्हणून. ‘२०३५’मध्ये जी निकड होती, ती ‘काही शतकांत’ या शब्दांत नव्हती.

नोव्हेंबर २००९मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा एक चर्चानिबंध पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. हिमनद्या मागे जाताहेत, पण त्या असामान्य वेगाने जाताहेत असं दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. गंगोत्री तर २००७ ते २००९ या काळात जवळजवळ जागच्या जागी होती, असंही त्यात होतं. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी निबंधाची पाठराखण केली. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला ‘वूडू सायन्स’ म्हटलं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जादूटोणा. दोनच महिन्यांत, २० जानेवारी २०१० रोजी, आयपीसीसीलाच निवेदन काढून कबूल करावं लागलं, की तो परिच्छेद नीट आधार नसलेल्या अंदाजांवर उभा होता. हिमनद्या घटताहेत आणि त्याने पाण्यावर परिणाम होईल, हा मूळ निष्कर्ष मात्र कायम असल्याचं त्याच निवेदनात होतं. पुढे समितीच्या कामाची बाहेरून तपासणी झाली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अनिश्चितता कशी मांडावी, याबद्दल कडक सूचना आल्या.

निवेदनाचा दुसरा भाग किती जणांनी वाचला असेल? कोपनहेगनची हवामान परिषद नुकतीच फसली होती, इंग्लंडच्या एका विद्यापीठातून शास्त्रज्ञांचे ईमेल चोरीला जाऊन गदारोळ चालू होता. अशा वेळी ‘हिमालय वितळतच नाही’ हे वाक्य ‘२०३५पर्यंत वितळणार’ या वाक्याइतक्याच सहजतेने पसरलं, आणि तेही तितकंच खोटं होतं.

खरी माहिती त्या काळात उपलब्ध नव्हती असं नाही. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांवरून चिनाब, पार्वती आणि बस्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या मोजल्या होत्या. १९६२मध्ये त्यांचं क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटर होतं, ते १,६२८वर आलं होतं. म्हणजे २१ टक्के घट. हा निबंध २००७चाच, गाजलेल्या अहवालाच्याच वर्षीचा. त्यात प्रलयाची तारीख नव्हती, दिलासाही नव्हता. मथळ्याला तो कसा पुरणार!

पुढे चित्र स्पष्ट होत गेलं. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी हेर-उपग्रहांनी काढलेली छायाचित्रं खुली झाली आणि २०१९मध्ये त्यांच्या आधारे साडेसहाशे हिमनद्यांचा ४० वर्षांचा हिशेब मांडला गेला. २०००नंतर बर्फ घटण्याचा वेग त्याआधीच्या २५ वर्षांच्या दुप्पट निघाला. काराकोरममधल्या काही हिमनद्या मात्र बराच काळ स्थिर होत्या, काही तर वाढत होत्या. हिमनद्या गेल्या की गंगा आटेल, ही भीतीही सुधारून घ्यावी लागली. मैदानातल्या गंगेचं पाणी मुख्यतः पावसाचं. बर्फावर खऱ्या अर्थाने जगते ती सिंधू.

त्याच वर्षी काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने हिंदुकुश-हिमालयाचा मोठा अहवाल काढला. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर एक तृतीयांश बर्फ जाणार. आणि उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश. २०२३च्या अहवालात वरची मर्यादा ८० टक्क्यांपर्यंत गेली. मला २०१९चे ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेसे वाटतात. पहिला तृतीयांश गेलाच. त्याबद्दल कुणी धीर देत असेल तर तो फसवतो आहे. पण दुसरा तृतीयांश अजून आपल्या हातात आहे, आणि ‘सगळं संपलं’ म्हणणारा तो फुकट देऊन टाकतो आहे.

डोंगरातल्या माणसांना ही चर्चा शतकाअखेरची वाटत नाही. जून २०१३मध्ये केदारनाथच्या वरचं चोराबारी सरोवर, ज्याला गांधी सरोवरही म्हणतात, अतिवृष्टीत फुटलं. त्या आठवड्यात उत्तराखंडात हजारो माणसं गेली, महाराष्ट्रातले अनेक यात्रेकरूही तिथे अडकले होते. सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तलावाचं प्रकरण तर जास्त बोचतं, कारण तिथे धोका ठाऊक होता. शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं. २०१६मध्ये लडाखचे सोनम वांगचुक आणि राज्य सरकारची माणसं तिथवर चढून गेली, आणि वक्रनलिकेच्या तत्त्वावर पाणी बाहेर काढणारे पाइप त्यांनी बसवले. पाणी थोडं उतरलं. पण ३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री तलावाकाठचा मोठा कडा आत कोसळला, लाट उसळली आणि चुंगथांगचं १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. पाइप बसवणारे चुकले नव्हते. त्यांचं काम सुरुवात म्हणून धरायचं होतं, ते शेवट म्हणून धरलं गेलं.

लडाखमधलं काम याहून जुनं आहे. चेवांग नोर्फेल या सरकारी अभियंत्याने १९८७पासून गावांच्या वर बांध घालून हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी गोठवायला सुरुवात केली. एप्रिल-मेमध्ये पेरणीला पाणी हवं असतं आणि खरी हिमनदी तेव्हा अजून वितळायला लागलेली नसते; ही खालची बर्फं आधी वितळतात. वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप, म्हणजे पाणी शंकूच्या आकारात गोठवून उभे केलेले ढीग, २०१३-१४च्या हिवाळ्यातले. यातली कुठलीच गोष्ट हिमनदी परत आणत नाही, आणि नोर्फेल यांनी बांधलेली बर्फं तर दर उन्हाळ्यात संपतातच. गावाला तेवढ्या दोन महिन्यांचं पाणी लागतं.

नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातली याला हिमनदी चढायला तुलनेने सोपी. म्हणून हिमालयातले अनेक तरुण संशोधक बर्फ मोजायला तिथे शिकले. १९७०च्या दशकापासून तिचं क्षेत्र ६६ टक्क्यांनी घटलं आणि टोक ७८४ मीटर मागे गेलं. मे २०२५मध्ये भिक्खू, गावकरी आणि शास्त्रज्ञ तिच्यापाशी जमले, प्रार्थना झाली, स्मृतिफलक बसवले गेले. ती अजून पूर्ण मेलेली नाही, थोडा बर्फ शिल्लक आहे, आणि त्याची मोजणी चालू आहे.