कापरेकर मास्तरांचा ६१७४ आणि सातचं जग

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ६१७४ पुन्हा फिरतोय. या खेपेला सोबत अंकशास्त्राची पुडी: आकडा तिजोरीत लिहून ठेवा, पैसा टिकतो. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना तो सापडला वजाबाक्या करताना. ३५२४ चे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे हलायचं नाव नाही. पण ही गंमत दहाच्या पायावर, म्हणजे ० ते ९ हे दहा अंक वापरून, लिहिण्याची. पाया बदलला की ६१७४ चा मान गेला. लक्ष्मी कुठला पाया धरते, हे पुडीत लिहिलेलं नव्हतं.

पाया बदलून न बदलणारी गोष्ट ही: ६१७४ = २ × ३² × ७³. जर्मन गणिती कुर्ट हेन्सेलने १८९७ मध्ये मांडलेल्या संख्यांच्या जगात सातने जितक्या जास्त वेळा भाग जाईल तितकी संख्या लहान. तिथे १ चं माप १, पण ६१७४ चं १/३४३. म्हणून ६ + ४२ + २९४ + … ही बेरीज तिथे चक्क −१. टप्प्याटप्प्याने बघा: ६, ४८, ३४२. प्रत्येकीत १ मिळवला की सातचा घात, म्हणजे शून्याच्या जवळ. प्रत्येक मूळसंख्येचं असं एकेक जग आहे. ही जगं, आपल्या नेहमीच्या वास्तव संख्या आणि अशांचे मर्यादित विस्तार, यांना लोकल फील्ड म्हणतात.

आता माझा लाडका भाग. अशा लोकल फील्डावरच्या अवकाशातली फलनं घ्या. त्यांच्यावर दोन गट, म्हणजे क्रियांचे दोन संच, काम करतात. एक फिरवतो, लांबी न बदलता. दुसरा लांबीच्या वर्गावर अवलंबून असलेल्या तरंगाने गुणतो आणि फूरिए रूपांतर करतो, म्हणजे फलन तरंगांत मोडतो. आधी फिरवा मग फूरिए, किंवा उलट; उत्तर तेच, कारण फिरवण्याने लांबी बदलत नाही. दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून फलनं फुटतात ती जोड्यांनी. नेहमीच्या त्रिमितीत बारावीच्या रसायनशास्त्रातले एस, पी, डी आकार आठवा: त्यांचे जोडीदार ३/२, ५/२, ७/२ या वजनांचे (वजन म्हणजे दुसऱ्या गटातल्या जोडीदाराची ओळख सांगणारा आकडा). तो अर्धा त्रासदायक आहे. त्याच्यासाठी दुसऱ्या गटाची दुहेरी आवृत्ती लागते. फ्रेंच गणिती आंद्रे वेइलने १९६४ मध्ये ती सर्व लोकल फील्डांवर उभी केली.

गणिती रॉजर हाउचं म्हणणं असं की एका बाजूच्या प्रत्येक अविभाज्य रिप्रेझेंटेशनला (गटाच्या कामाचा आणखी न फुटणारा तुकडा) दुसऱ्या बाजूला फार तर एकच जोडीदार असतो. वास्तव संख्यांवर ते त्यांनीच सिद्ध केलं. विषम मूळसंख्यांसाठी वाल्डस्पुर्जेने. २ मात्र हट्टी, कारण जुन्या युक्तिवादात दोनने भागावं लागतं आणि त्या जगात १/२ ही मोठी संख्या! गान आणि ताकेदा यांनी २०१६ मध्ये वेगळ्या वाटेने तीही अडचण मिटवली.

जोडीदार लहान मितीत सापडला नाही तर मिती वाढवत न्यायची. मूळसंख्यांच्या जगात अशा चढत्या मितींच्या अवकाशांचे दोन मनोरे असतात, आणि दोन्हींतल्या पहिल्या भेटीच्या मितींची बेरीज ठरलेली असते. वरच्या दुसऱ्या गटातलं सगळ्यात साधं, काहीच न हलवणारं रिप्रेझेंटेशन एका मनोऱ्यात ० मितीलाच भेटतं, तर दुसऱ्यात थेट ८ ला.