टोल माफ झाला मग फास्टॅग कशाला? मुंबईत गाडी असेल तर हे वाचून घ्या

आमचे भावजी दहिसरला राहतात. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर (दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी) कार-जीपचा टोल बंद झाला, आधी ४५ रुपये पडायचे, तर त्या खुशीत त्यांनी फास्टॅगकडे (टोल आपोआप कापणारं स्टिकर) बघणंच सोडून दिलं. केवायसीचे मेसेज येत होते तेही डिलीट. मग एका रविवारी वरळीला लग्नाला निघाले, सी लिंकच्या बूथवर टॅग ब्लॅकलिस्ट म्हणजे बंद, मागे हॉर्न, ताई शेजारी शालू सांभाळत बसलेली आणि खिशात एक ५० ची नोट. टोल १०० चा, भरले २०० आणि तेही क्यूआर स्कॅन करून. संध्याकाळी मला फोन, "अरे हे काय लुटणं आहे, माफ झाला होता ना?"

तर भावजी, माफ झाला तो फक्त त्या पाच नाक्यांचा आणि तोही मुख्यतः हलक्या गाड्यांचा. सी लिंक, अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे हे सगळं तसंच चालू आहे. आणि एमएसआरडीसीच्या (राज्य रस्ते विकास महामंडळाच्या) टोलवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग कंपल्सरी आहे, टॅग नसेल किंवा बंद असेल तर कॅश द्या, कार्ड द्या नाहीतर क्यूआर करा, डबलच. राष्ट्रीय महामार्गावर थोडं वेगळं आहे, तिथे १५ नोव्हेंबर २०२५ ला नवा नियम आला तेव्हा कॅश दिली तर दुप्पट पण यूपीआयने दिले तर सव्वापट असं ठरलं. लोक हे दोन नियम हमखास मिक्स करतात आणि सी लिंकवर सव्वापटीसाठी भांडत बसतात.

कोणाला लागतो? चारचाकी आणि त्यावरच्या सगळ्यांना. बाईकवाल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल, तुम्हाला सी लिंक आणि अटल सेतूवर सोडतच नाहीत. नवीन गाडी घेतली असेल तर शोरूमवालाच लावून देतो, डिसेंबर २०१७ पासून तसा नियमच आहे, फक्त तो टॅग बऱ्याचदा चॅसी नंबरवर (गाडीच्या सांगाड्यावरचा कंपनीचा नंबर) असतो, तर गाडीचा नंबर आला की बँकेला कळवून तो अपडेट करून घ्या, नाहीतर टॅग बंद पडतो आणि मग पुन्हा बूथवर तोच तमाशा.

जुनी गाडी असेल आणि नवीन टॅग हवा असेल तर बँकेच्या अ‍ॅपवरून मागवा नाहीतर बँकेत जाऊन घ्या. आपलं मत, ज्या बँकेत सेव्हिंग अकाउंट आहे तिथूनच घ्या, केवायसी आधीच झालेलं असतं त्यामुळे अर्धं काम तिथेच कमी होतं. टोल प्लाझाजवळ छत्री लावून बसलेले असतात त्यांच्याकडून मी तरी घेत नाही, घाईत ते कोणाचा मोबाईल नंबर टाकतात तेच कळत नाही, आणि नंबर दुसऱ्याचा म्हणजे ओटीपी दुसऱ्याला.

कागदपत्रं म्हणाल तर गाडीची आरसी दोन्ही बाजूंनी, पॅन, आधार किंवा लायसन्स, एखादी बँक पासपोर्ट फोटो मागते, आणि गाडीचा समोरून फोटो ज्यात नंबर प्लेट स्वच्छ दिसली पाहिजे. टॅगचे जास्तीत जास्त १०० रुपये, त्यावर परत मिळणारं डिपॉझिट आणि सुरुवातीचा बॅलन्स. कारचा टॅग क्लास ४ चा, जांभळ्या पट्ट्याचा. चुकून दुसऱ्या क्लासचा हातात आला तर काचेला लावायच्या आधीच परत करा, कारण पैसे गाडीच्या नाही टॅगच्या क्लासप्रमाणे कटतात.

इथे खरी गोम नावात असते. आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच नावाने टॅग काढा. आमच्याकडे गाडी बाबांच्या नावावर, चालवतो मी, म्हणून मी माझं पॅन लावलं, अर्ज परत आला. शेवटी बाबांचं पॅन, बाबांचं आधार आणि बाबांचाच मोबाईल नंबर, आता सी लिंकवरून गेलो की मेसेज बाबांना जातो आणि घरी पोचायच्या आत "कुठे होतास" सुरू.

चिकटवण्याचंही सांगतो कारण अर्धे लोक इथेच माती खातात. आरशामागे, काचेच्या आतल्या बाजूला, काच कोरड्या फडक्याने पुसून एकदाच दाबून लावायचा. वाकडा लागला म्हणून नखाने कोपरा उचकटू नका, आतली अँटेना फाटली की टॅग गेला, मग नवीनच काढावा लागतो. भावजींसारखा डॅशबोर्डच्या खणात ठेवून बूथवर हाताने दाखवायचा प्रकार तर अजिबात नको, जुलै २०२५ पासून एनएचएआयने (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने) असे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट करायला सांगितलंय. आणि एका गाडीला एकच टॅग, नवीन घेतला की जुना बंद.

मागे केवायव्ही नावाची एक डोकेदुखी होती, म्हणजे टॅग ज्या गाडीचा त्याच गाडीवर आहे ना ते फोटो टाकून सिद्ध करायचं. कारच्या नवीन टॅगसाठी १ फेब्रुवारी २०२६ पासून ते काढून टाकलं, आता बँकच आधी 'वाहन' या सरकारी गाडी-नोंदणीच्या डेटाबेसमधून खात्री करून टॅग देते. म्हणूनच आरसीवरचा नंबर आणि तुम्ही टाकलेला नंबर तंतोतंत जुळला पाहिजे, शून्याच्या जागी ओ टाकलात की अडकलात.

रिचार्ज कुठल्याही यूपीआय अ‍ॅपमधून होतो, बँक निवडायची आणि गाडी नंबर टाकायचा. पण बूथसमोर उभं राहून करू नका, पैसे गेले तरी टॅग चालू व्हायला वेळ लागू शकतो. घरून निघताना करा. कोणाकडे अजून पेटीएम पेमेंट्स बँकेचा टॅग असेल तर त्यात १५ मार्च २०२४ नंतर पैसे टाकता येत नाहीत, आरबीआयचा आदेश आहे, तो बंद करून दुसऱ्या बँकेचा घ्या. टॅग चालू आहे का हे एनपीसीआयच्या (फास्टॅगची पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था) साईटवर गाडी नंबर टाकून दिसतं.

राष्ट्रीय महामार्गाच्या वार्षिक पासचं सगळे विचारतात. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० ट्रिप, जे आधी संपेल ते, फक्त खाजगी कार-जीप-व्हॅनला. राजमार्गयात्रा अ‍ॅपवरून आहे त्याच टॅगवर चालू होतो, वेगळं स्टिकर नाही, मात्र टॅग चॅसी नंबरवर असेल तर मिळत नाही. खानिवडे, चारोटी, पडघा असं राष्ट्रीय महामार्गाने जाणारे असाल तर घ्याच. नुसतं सी लिंक, अटल सेतू आणि पुणे करत असाल तर उपयोग शून्य, ते रस्ते राज्याचे, तिथे वॉलेटमधूनच कटणार. प्लाझाच्या २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर लोकल मंथली पास स्वस्त पडतो, २०२५-२६ ला ३५० रुपये होता, पत्त्याचा पुरावा आणि आरसी घेऊन त्याच प्लाझावर जायचं, पण चालतो त्या एकाच प्लाझावर.

अजून एक, टॅग चालू आहे, बॅलन्स आहे आणि त्यांचंच मशीन बंद पडलंय, तर राष्ट्रीय महामार्गावर तुम्हाला फुकट सोडायचं असा नियम आहे, झिरो ट्रान्झॅक्शनची पावती मागायची. नाही ऐकलं तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन लावा. गाडी बिल्डिंगखाली उभी असताना पैसे कटले तर ज्या बँकेचा टॅग तिच्याकडे लगेच तक्रार टाका, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवून.

आणि गाडी विकलीत तर त्याच दिवशी टॅग बंद करा, डिपॉझिट पण परत मागा. मी जुनी वॅगन आर विकली तेव्हा म्हटलं करू निवांत, पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला मोबाईल वाजला, खानिवडे टोल, बॅलन्स वजा, आणि मी घरी वरण-भात खात होतो.