टायमिंग चेनची खडखड

टायमिंग चेनची खडखड : क्रँकशाफ्टवरून (पिस्टनांनी फिरणारा दांडा) कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी साखळी ढिली झाल्यामुळे इंजिनाच्या पुलीकडच्या बाजूने येणारा धातूचा आवाज. गॅरेजमध्ये ‘चेन वाजते’ एवढेच म्हणतात. पुढील विवेचन मुख्यत्वे फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाला धरून आहे. १,२४८ घनसेंमी. क्षमतेचे हे इंजिन २००३ मध्ये युरोपात आले. भारतात ते मानेसरला आणि पुण्याजवळ रांजणगावला तयार होत असे. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा अनेक गाड्यांतून ते धावले आणि २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषण-मानके लागू होताना थांबले. त्यामुळे आज रस्त्यावर असलेली यातली बहुतेक इंजिने जुनी आणि भरपूर चाललेली आहेत.

साखळीची पूर्वपीठिका : दात्यांवरून फिरणाऱ्या साखळीचे मूळ लिओनार्दो दा विंची याच्या रेखाटनांपर्यंत नेण्याची प्रथा आहे. मात्र रेखाटन आणि वापरात टिकलेली रचना यांत अंतर आहे. फ्रान्समध्ये आंद्रे गाल याची साखळी १८२९ च्या सुमारास पुढे आली. तिच्या पट्ट्या थेट पिनेवर फिरत. पट्टीच्या जाडीएवढ्याच अरुंद जागेवर सगळा भार येई आणि ती लवकर झिजे. इंग्लंडमधील जेम्स स्लेटर याच्या १८६४ च्या रचनेलाही काही जण अग्रमान देतात. स्लेटरचा व्यवसाय हान्स रेनॉल्ड याने १८७९ मध्ये विकत घेतला आणि १८८० मध्ये बुश-रोलर साखळी आणली. आजच्या टायमिंग चेनच्या दृष्टीने रेनॉल्डचा टप्पाच निर्णायक मानणे योग्य वाटते. बुशमुळे (पिनेवर बसणारी नळी) पिनेचा भार पूर्ण लांबीवर पसरला, आणि आजची झीज नेमकी याच पिन-बुशच्या सांध्यात होते. १९६२ च्या ग्लास १००४ या जर्मन मोटारीपासून दातेरी रबरी पट्टा प्रचारात आला. पुढे अनेक उत्पादक पुन्हा साखळीकडे वळले.

‘चेन ताणली’ या शब्दप्रयोगाविषयी : पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. साखळीची लांबी वाढते ती प्रत्येक सांध्यातल्या झिजेमुळे. उदाहरणादाखल ८ मिमी. पिचच्या (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) १०० कड्यांची साखळी घेतली, तर तिची लांबी ८०० मिमी. भरते. ती ०.५ टक्के वाढली म्हणजे ४ मिमी. वाढली, आणि प्रत्येक सांधा केवळ ०.०४ मिमी. झिजला. हातात धरून एका कडीकडे पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही ते यामुळेच. परिणाम मात्र लहान नसतो. याच ०.५ टक्के वाढीला ताणाच्या बाजूची लांबी ३०० मिमी. आणि कॅमच्या चाकाला ३६ दाते धरले, तर कॅम सुमारे २ अंश, म्हणजे क्रँकच्या मापात पावणेचार अंश मागे पडतो. डिझेलमध्ये ऑइलमध्ये मिसळलेली काजळी सांध्यात शिरून घासकागदासारखे काम करते. म्हणून साखळीचे आयुष्य किलोमीटरपेक्षा ऑइलबदलावर अधिक ठरते. ‘चेन आयुष्यभराची’ हा समज याच ठिकाणी चुकतो.

निदान : रात्रभर थांबलेल्या गाडीचा सेल्फ मारताच २–३ सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर टेन्शनरमध्ये (ऑइलच्या दाबावर साखळी ताठ ठेवणारा भाग) ऑइलचा दाब उशिरा पोहोचतो आहे. अशा वेळी आधी ऑइलची काडी आणि फिल्टर पाहावा. हलक्या फिल्टरमधली परतझडप (ऑइल मागे जाऊ न देणारी झडप) गळत असेल तर रात्रीत मार्ग रिकामा होतो. फिल्टर बदलल्यावर आवाज गेलेली इंजिने कमी नाहीत. ५डब्ल्यू-४० सारख्या ऑइलऐवजी आवाज दाबायला जाड २०डब्ल्यू-५० भरणे हा उपाय नव्हे. थंड इंजिनात ते टेन्शनरपर्यंत आणखी उशिरा पोहोचते. गरम झाल्यावरही आवाज राहत असेल, विशेषतः मिनिटाला १,२००–२,००० फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर सोडताना, तर साखळी किंवा गाईड (साखळीला वाट देणारी प्लॅस्टिकची पट्टी) झिजल्याचा संशय बळावतो.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टायमिंग कव्हरवर आणि मूठ कानाशी धरावी; आवाज तिथे हेडपेक्षा (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) स्पष्ट आला पाहिजे. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर फ्लायव्हील किंवा क्लचकडे पाहावे. बाहेरचा पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवले आणि आवाज गेला, तर दोष अल्टरनेटर किंवा पुलीत आहे. या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असल्याने त्याहून जास्त चालवू नये. स्कॅनरवर दिसणारा पी००१६ हा बिघाडाचा कोड क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचे सांगतो. तो आल्यावर गाडी सुरू करून पाहण्यात शहाणपण नाही. ऑइल काढताना तपकिरी प्लॅस्टिकचे कपचे आले, तर गाईड तुटल्याचा तो पुरावाच समजावा.

दुरुस्ती : एकटा टेन्शनर बदलणे स्वस्त वाटते, पण झिजलेल्या साखळीचा ढिलेपणा तो फार दिवस झाकू शकत नाही. साखळी, दोन्ही दातेरी चाके, गाईड, टेन्शनरची पट्टी, हायड्रॉलिक टेन्शनर आणि पुढचे ऑइल सील एकत्रच बदलावे. नवी साखळी जुन्या, आकड्यासारख्या वळलेल्या दात्यांवर चढवली तर तीही लवकर झिजते.

बॅटरी सोडून ऑइल काढावे. उजवे पुढचे चाक व आतले आवरण काढून इंजिनाला जॅकचा आधार द्यावा आणि मगच त्या बाजूचे माउंटिंग सोडावे. पुलीचा बोल्ट सोडण्यापूर्वी आट्यांची दिशा मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावी. ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) खाली घ्यावाच लागतो. ऑइल पंप टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला असतो. कव्हर काढण्याआधी क्रँक व कॅम लॉक पिनांनी अडकवावेत. मात्र बोल्ट सोडताना-आवळताना जोर या पिनांवर येऊ देऊ नये, वेगळे धरण्याचे साधन वापरावे.

नव्या टेन्शनरची दांडी आत दाबून पिनेने अडकवावी आणि साखळी बसल्यावर पिन काढावी. क्रँक हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, पूर्ण २ फेरे फिरवून लॉक पिना पुन्हा सहज बसतात का ते पाहावे. साखळीवरच्या रंगीत कड्या यावेळी खुणांवर परत येत नाहीत, याने गोंधळू नये.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक सीलंटची आहे. चेंबर व कव्हरच्या कडेला ३ मिमी.च्या आसपासची अखंड रेघ पुरते. जास्त लावलेला सीलंट आतल्या बाजूला मण्यांसारखा फुगतो, तुटतो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो. काही दिवसांत दाब घसरतो आणि नवी साखळी पुन्हा वाजू लागते. जुन्या गाईडचे कपचेही याच जाळीत अडकलेले असतात, म्हणून ती धुतल्याशिवाय चेंबर चढवू नये. कोन देऊन आवळायचे बोल्ट नवेच वापरावेत.

सुमारे ३ लिटर ऑइल भरून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत १०–१० सेकंद सेल्फ मारावा. नंतर कनेक्टर जोडून कोड पुसावेत. पहिल्या सुरुवातीला टेन्शनर भरेपर्यंत थोडी खडखड होते. ती काही सेकंदांनंतरही राहिली तर इंजिन बंद करून दाब मोजावा.

बिघाडाची टोके : साखळीने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. या इंजिनात अनेकदा रॉकर (कॅमचा दाब व्हॉल्व्हवर देणारे हात) तुटतात; तरीही हेड खोलून व्हॉल्व्ह सरळ आहेत ना हे पाहणे टळत नाही. वाजणारी गाडी गिअरमध्ये टाकून धक्का देऊन सुरू करू नये, किंवा चढावर केवळ गिअरच्या भरवशावर उभी ठेवू नये. दाब नसताना क्रँक उलटा फिरला तर ढिली बाजू फुगते आणि दात सुटतो. दुरुस्तीनंतर १,००० किमी.ला ऑइल व फिल्टर बदलावा, आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चकाकणारे कण आहेत का ते उजेडात पाहावे.