चाप, टोपी आणि नऊ व्होल्टची बॅटरी

रायफल नेमबाजी शिकताना सुरुवातीला एक कसरत करून घेतात. रायफल रिकामी असते, नळीच्या टोकाशी एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. पहिले कितीतरी दिवस माझं नाणं दर वेळी जमिनीवर. मला वाटायचं सगळा दोष बोटाचाच. पुढे कळलं की बोटाच्या जोडीला रायफलच्या पोटातही काहीतरी हलत असतं.

नेहमीच्या रायफलमध्ये चाप ओढला की एक खिट्टी सुटते. तिच्यामागे ताणून धरलेली स्प्रिंग पोलादी पिनेला पुढे ढकलते. पिन काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आदळते, टोपीतला स्फोटक लेप पेटतो, त्याची ज्योत दारूला लागते आणि गोळी निघते. खिट्टी सुटल्यापासून पिन टोपीवर आदळेपर्यंत साधारण ३ मिलिसेकंद जातात. या वेळाला नेमबाज ‘लॉक टाइम’ म्हणतात. तेवढ्यात नळी जरा जरी हलली तरी गोळी त्या हललेल्या दिशेनेच जाते. शिवाय पिनेची धडक आणि स्प्रिंगचा झटका हीसुद्धा नळी हलायची कारणं आहेतच.

बंदुकीचा इतिहास म्हणजे बराचसा ही वाट पाहण्याची वेळ कमी करण्याचा इतिहास आहे. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी, म्हणजे वात, दारूपर्यंत न्यायची. मग गारगोटीची बंदूक आली. तिच्यात ठिणगी आधी बाहेरच्या छोट्या वाटीतली दारू पेटवी, ती आग छिद्रातून आत जाई आणि मग बार होई. त्या दोन आवाजांमधलं अंतर कधी कधी कानाला कळण्याइतकं असे. एकोणिसाव्या शतकात टोपी आली आणि ते अंतर मिटलं. तिथून पुढची पायरी म्हणजे धडकच काढून टाकायची आणि टोपी विजेने पेटवायची.

शिकारी रायफलीत हे करून पाहिलं ते ऑस्ट्रियातल्या फोएरे कंपनीने, १९९१ मध्ये. त्यांच्या व्हीईसी-९१ रायफलीच्या काडतुसाला पितळी कवचही नव्हतं, दारूची वडी थेट गोळीमागे बसवलेली होती. पण ज्या रायफलीमुळे हा विषय खरा गाजला ती अमेरिकेतली, २००० साली आलेली रेमिंग्टन ७०० इट्रॉनएक्स. बाहेरून ती त्यांच्या १९६२ पासूनच्या मॉडेल ७०० सारखीच दिसायची. दस्त्यात मात्र ९ व्होल्टची बॅटरी होती, रेडिओत किंवा स्मोक अलार्ममध्ये घालतो तशी चौकोनी. सर्किट त्या ९ व्होल्टचे सुमारे १५० व्होल्ट करायचं. चाप ओढला की ही वीज जागची न हलणाऱ्या पिनेतून टोपीत जायची. मुठीपाशी एक छोटा दिवा होता, तो यंत्रणेची स्थिती आणि बॅटरीची ताकद सांगायचा. बंद करून ठेवायला किल्लीचं स्विच होतं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे लॉक टाइम ९९ टक्क्यांनी कमी झाला.

ऐकायला हे फार मोठं वाटतं. म्हणून जरा हिशोब मांडून पाहू. उभ्याने नेम धरलेल्या माणसाचा नेम १०० मीटरवर सेकंदाला ३० सेंटीमीटर इकडेतिकडे डुलतोय असं धरा. हे डुलणं तसं जास्तच आहे. ३ मिलिसेकंदांत नेम सरकतो ०.९ मिलिमीटर. वीज लावून वाचतं ते एवढंच. आता हरीण सेकंदाला दीड मीटर वेगाने, म्हणजे रमतगमत, चालतंय आणि ते २०० मीटरवर आहे असं धरू. .२४३ विंचेस्टर या शिकारी काडतुसाच्या गोळीला तिथवर जायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हरीण ३५ सेंटीमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. लॉक टाइमच्या ३ मिलिसेकंदांत ते सरकतं साडेचार मिलिमीटर. त्यात ‘आता ओढू’ असं डोळ्यांनी ठरवल्यापासून बोट हलेपर्यंत जाणारा वेळ धरा, तो १५० ते २०० मिलिसेकंद. नळीतून गोळी बाहेर पडायलाही मिलिसेकंदभर लागतोच. या सगळ्यात विजेने कापला तो सर्वांत बारीक तुकड्यांपैकी एक.

शिकारीत अचूकतेला एकच अर्थ असतो, जनावर एका गोळीत जागीच पडावं, जखमी होऊन झाडीत तडफडत मरू नये. त्या दृष्टीने थांबण्याचा संयम, अंतराचा अंदाज आणि वाऱ्याची जाण यांचं वजन लॉक टाइमपेक्षा कितीतरी जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी ही रायफल निव्वळ खेळणं होतं असं मी म्हणणार नाही. तिचा खरा फायदा जाहिरातीत दुय्यम राहिला, आणि तो म्हणजे चाप. यांत्रिक चाप हलका करायचा तर खिट्टीची पकड कमी करावी लागते. पकड फार कमी केली तर रायफल आपटल्यावर खिट्टी निसटून बार उडू शकतो. वर्षानुवर्षांच्या घाणीने, तेलाच्या गोळ्यांनी, झिजेनेही ती पकड बिघडते. इलेक्ट्रॉनिक रायफलीत चाप म्हणजे एक स्विच. ताणून ठेवलेली स्प्रिंगच नाही, तर ती सुटणार कुठून? रायफल हातातून पडली तरी टोपीवर आदळायला काही नाही. लॉक लावलं की वीज टोपीपर्यंत पोचत नाही. सुरक्षिततेच्या बाजूने हे फार मोलाचं आहे.

पण विजेचे स्वतःचे धोके असतात. २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात यूएसएस फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर एका विमानाचा वीजपुरवठा बाहेरच्या जोडणीवरून आतल्या जोडणीवर घेताना विजेचा झोत आला आणि पंखाखालचं झुनी रॉकेट आपोआप सुटलं. त्या आगीत १३४ जण मेले. रायफल आणि रॉकेट यांची बरोबरी होत नाही, आणि १५० व्होल्टचा उंबरा मुद्दामच भरपूर वर ठेवलेला होता. पण विजेने पेटणाऱ्या स्फोटकाला भटक्या विजेपासून जपावं लागतं, हे त्या दिवसाने पक्कं केलं.

शिकाऱ्याची रोजची अडचण मात्र साधी असते. उत्तर अमेरिकेतला हरणांचा हंगाम थंडीत येतो, आणि थंडीत बॅटरीचं बळ ओसरतं. साध्या रायफलीत टोपी पेटली नाही तर निदान ‘टक्’ असा आवाज येतो, पिन पडली हे कळतं. इथे नुसती शांतता. बॅटरी संपली, पिनेच्या टोकावर तेल बसलं, की टोपीच वाईट? डोंगरात बसून हे शोधता येत नाही. फडकं आणि तेलाची बाटली घेऊन सर्किट दुरुस्त होत नाही.

खेळातही याची झळ बसते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत इलेक्ट्रॉनिक चाप सर्रास असतात, तिथे वीज फक्त खिट्टी सोडण्याचं काम करते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ती १२ वी आली आणि अंतिम फेरी हुकली. तरीही नेमबाज हे चाप सोडत नाहीत. रेंजवर छप्पर असतं, जवळ सुटे भाग असतात, आणि चापाचा तो एकसारखेपणा त्यांना खरोखर लागतो.

लढाऊ विमानांत तर विजेच्या टोपीचं राज्य जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एमजी १३१ मध्ये ती होती. मिनिटाला ६,००० गोळ्या झाडणाऱ्या व्हल्कन तोफेत ती आहे. आपल्या हवाईदलाच्या जॅग्वारवरच्या एडन तोफेतही तीच. तिथे काडतुसं सरकार पुरवतं, वीज विमानात असतेच, आणि देखभालीला माणसं नेमलेली असतात.

एकट्या शिकाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. इट्रॉनएक्सला खास टोपी लागायची, दुकानातलं नेहमीचं काडतूस तिच्यात चालत नसे. किंमत सुमारे २,००० डॉलर आणि काडतुसं फक्त तीन मापांत. २००६ मध्ये शंभरी पार केलेलं .३०-०६ काडतूस आजही अमेरिकेतल्या गावातल्या दुकानात मिळतं, आजोबांची रायफल नातू वापरतो. तिथे २००३ च्या सुमारास इट्रॉनएक्सचं उत्पादन थांबलं आणि मग टोप्याही मिळेनाशा झाल्या. २००७ मध्ये सीव्हीए कंपनीने ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे जिच्यात काडतूस नसून दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासतात तिच्यात, बॅटरी घालून हा पेच हुशारीने सोडवला होता. तिच्या इलेक्ट्रा बंदुकीत टोपीच नव्हती, ठिणगी थेट दारूत पडायची. पण ठासणीच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो तो जुनी पद्धत जपण्यासाठी, आणि काही राज्यांच्या नियमांत ही बॅटरी बसली नाही. तीही बाजारातून गेली.

इट्रॉनएक्सचे काही मालक अजून उरलेल्या टोप्या मोजून मोजून वापरतात. काहींनी नळी आणि दस्ता तसाच ठेवून मॉडेल ७०० चा साधा बोल्ट आणि साधा चाप बसवून घेतला. नळी मुळातच उत्तम होती, त्यामुळे रायफल पहिल्यासारखीच नेमकी बसते. बॅटरीची जागा मात्र रिकामी.