मूनस्पेल
मूनस्पेल : पोर्तुगालमधील गॉथिक मेटल (हेवी मेटल रॉक संगीताचा उदास, काळोख्या वळणाचा प्रकार) बँड. लिस्बनला खेटून असलेल्या आमादोरातल्या ब्रांदोआ या वस्तीत १९९२ साली स्थापना. त्याआधी १९८९पासून यातली काही मुले ‘मॉर्बिड गॉड’ या नावाने वाजवत होती. गायक व गीतकार फर्नांदो रिबेरो हा तत्त्वज्ञान शिकलेला, कविताही लिहिणारा. की-बोर्डवर पेद्रो पैशाँव आणि गिटारवर १९९५पासून रिकार्दो आमोरी.

पहिला अल्बम ‘वुल्फहार्ट’ (१९९५) जर्मनीतल्या हागेन शहरात निर्माता वाल्डेमार सोरिक्टाच्या हाताखाली तयार झाला. गाणी बहुतांशी इंग्रजीत, कारण श्रोता युरोपभरचा हवा होता. विषय मात्र घरचे. एक गाणे त्रेबारुना या रोमनपूर्व लुसितानी (आजच्या पोर्तुगालच्या भागातल्या प्राचीन लोकांच्या) देवतेवर आहे. ‘आल्मा मातेर’ या गाण्यात मधेच पोर्तुगीज ओळी येतात, आणि त्यांत ‘अभिमानाने एकटे’ या अर्थाचे दोन शब्द आहेत. हे शब्द पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचे, १९६५च्या भाषणातले. १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही आफ्रिकेतल्या वसाहती सोडणार नाही, हा हट्ट त्यांमागे होता. हुकूमशहाचे हे बोल १९९०च्या दशकातल्या पोरांनी उचलले, याचे नवल वाटते. मैफिलीत हे गाणे आजही हमखास असते.

‘इरिलिजस’मध्ये (१९९६) आरडाओरड कमी झाली, खर्जातला गाता आवाज पुढे आला, गॉथिक रॉकचा बाज खऱ्या अर्थाने इथेच सापडला. ‘ओपियम’ या गाण्याच्या शेवटी पोर्तुगीज कवी फर्नांदो पेसोआच्या अफूवरच्या कवितेतील ओळी मूळ भाषेत येतात. पुढच्या दोन अल्बमांतले इलेक्ट्रॉनिक प्रयोग जुन्या चाहत्यांच्या पचनी पडले नाहीत. ‘द अँटिडोट’ (२००३) या अल्बमाला जोडून कादंबरीकार जुझे लुईश पेशोतो याने कथा लिहिल्या. २००६ साली एमटीव्ही युरोपचा सर्वोत्तम पोर्तुगीज कलावंताचा पुरस्कार मिळाला.

संपूर्ण अल्बम मायबोलीत यायला मात्र २०१७ उजाडले. ‘१७५५’ हे त्याचे नाव आणि लिस्बनचा भूकंप हा विषय. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चे माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हादरली, मेणबत्त्या कलंडून आगी लागल्या आणि मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावलेल्यांवर त्सुनामी आली. ऐन सणाच्या दिवशी देवाने हे का होऊ दिले, हा तेव्हा युरोपभर गाजलेला प्रश्न अल्बमभर घुमतो. एका गाण्यात फादो (पोर्तुगालचे करुण सुरांचे पारंपरिक गाणे) गायक पावलो ब्रागांसा साथीला आहे. गिटारांच्या गदारोळात त्याचा आर्त सूर ऐकला की इंग्रजीत हे जमले नसते, हे पटते.

ड्रमवादक माइक गास्पर २०२०मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी ह्यूगो रिबेरो आला आणि २०२१मध्ये ‘हर्मिटेज’ निघाला. मैफलीची सांगता बहुधा ‘इरिलिजस’मधल्याच ‘फुल मून मॅडनेस’ने होते.