अस्वस्थ करणारे भयपट आणि कलामूल्याचा वाद : एक पार्श्वभूमी

मुंबईतील चित्रपट महोत्सवांत किंवा फिल्म सोसायटीच्या खेळात एखादा अत्यंत क्रूर, किळस आणणारा भयपट दाखवला गेला की प्रेक्षकांत दोन तट पडतात. काही जण मध्येच उठून जातात आणि बाहेर आल्यावर हा चित्रपट निवडलाच कशाला, असे आयोजकांना विचारतात. शेवटपर्यंत थांबलेल्यांपैकी काहींना मात्र तोच त्या महोत्सवातला सर्वांत मोलाचा अनुभव वाटतो. अशा चित्रपटांना कलाकृती म्हणावे की नाही, हा वाद आजचा नाही. त्याचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांनी या चित्रपटांवर बंदी घातली त्यांनी पडद्यावर काय आहे याची यादी केली, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांपैकी काही चित्रपट उचलून धरले ते ती गोष्ट कशी दाखवली आहे हे पाहून. कलामूल्याचा निवाडा या ‘कशी’वरच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

वादाची मुळे सिनेमाच्या कितीतरी आधीची आहेत. जे प्राणी आणि जी प्रेते प्रत्यक्षात पाहताना आपल्याला त्रास होतो, त्यांचीच हुबेहूब चित्रे पाहताना आनंद होतो, असे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स यांना शृंगार-वीरांच्या पंगतीत रस म्हणून स्थान दिले. भय आणि जुगुप्सा (किळस) हे त्यांचे स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेल्या कायम भावना. त्याच ग्रंथाने युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या जोडप्रवेशातून, सूचित करावे असाही नियम घातला, आणि भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ नाटकात मांड्या मोडलेला दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. म्हणजे किती दाखवायचे याविषयीचा नियम आणि त्या नियमाचे उल्लंघन ही दोन्ही आपल्या परंपरेत पहिल्यापासूनच आहेत.

यापेक्षाही महत्त्वाचा विचार नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याचा. भयानक रसाचे उदाहरण म्हणून तो शाकुंतलातल्या पहिल्या अंकातला, मान वळवून मागे पाहत पळणारा हरिण घेतो. तो श्लोक ऐकताना रसिकाला ‘मी घाबरलो’ किंवा ‘तो घाबरला’ असे वाटत नाही. देश, काळ आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडलेले निव्वळ भय त्याच्या प्रतीतीला येते. भयपटाचे सौंदर्यशास्त्र लिहायचे झाल्यास मराठी लेखकाला दूर जाण्याची गरज नाही, ते इथूनच सुरू करता येईल.

पॅरिसमध्ये १८९७ साली सुरू झालेल्या ग्राँ गिन्योल या छोट्या नाट्यगृहाने डोळे काढणे, गळे चिरणे, ॲसिड फेकणे हे सारे रंगमंचावर आणले आणि ते नाट्यगृह १९६२पर्यंत चालले. ते बंद पडताना त्याच्या अखेरच्या संचालकाने दिलेले कारण असे, की नाझी छळछावण्यांत जे घडले त्याची बरोबरी कोणतेही नाट्यगृह करू शकत नाही. विसाव्या शतकातल्या भयपटांकडे पाहताना हे कारण सतत लक्षात ठेवावे लागते.

सिनेमातला पहिला मोठा तंटा १९३२ सालच्या ‘फ्रीक्स’ या अमेरिकन चित्रपटावरून झाला. टॉड ब्राउनिंगने सर्कशीच्या खेळांत काम करणारे, जन्मतः वेगळ्या शरीराचे कलावंत खरोखरच पडद्यावर आणले. निर्मात्या स्टुडिओने चित्रपटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा कापला, ब्रिटनने तीस वर्षे बंदी घातली आणि ब्राउनिंगची कारकीर्द पुन्हा सावरली नाही. आज हा चित्रपट पाहताना जाणवते, की त्याचा बराचसा भाग या माणसांचे रोजचे जगणे दाखवण्यात जातो. त्यातले खरे क्रौर्य देखण्या, धडधाकट पात्रांच्या ठायी आहे. शेवटच्या प्रसंगात मात्र तीच माणसे चिखलातून सरपटत भयाचे साधन बनतात, आणि तिथे दिग्दर्शकाने स्वतःच्याच सहानुभूतीशी तडजोड केली, हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

या इतिहासातले सर्वांत बोलके वर्ष म्हणजे १९६०. त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनमध्ये मायकेल पॉवेल या प्रतिष्ठित दिग्दर्शकाचा ‘पीपिंग टॉम’ प्रदर्शित झाला. त्याचा नायक एक कॅमेरामन आहे. तो स्त्रियांचे खून करतो, खून करताना त्यांचे चित्रण करतो, आणि कॅमेऱ्याला लावलेल्या आरशात त्यांना स्वतःचाच भयभीत चेहरा पाहायला लावतो. लहानपणी त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांनी भीतीचा अभ्यास करण्यासाठी त्याच्यावरच प्रयोग केलेले असतात. त्या वडिलांची भूमिका पॉवेलने स्वतः केली आणि लहान मुलाच्या भूमिकेत आपल्याच मुलाला घेतले. ब्रिटिश समीक्षक इतके खवळले, की चित्रपट लवकरच उतरवला गेला आणि पॉवेलला मायदेशात काम मिळणे कठीण झाले. पुढे मार्टिन स्कोर्सेसी यांच्या खटपटीने १९७९मध्ये न्यूयॉर्कच्या महोत्सवात तो पुन्हा दाखवला गेला, आणि आता सिनेमाविषयीच्या सिनेमांमध्ये त्याची गणना अग्रभागी होते. समीक्षकांना रक्ताने चीड आली असे म्हणता येत नाही, कारण त्यात रक्त फारसे नाहीच. त्यांना सहन झाले नाही ते हे, की कॅमेऱ्यामागच्या खुन्याच्या डोळ्याला डोळा लावून अंधारात बसलेल्या प्रेक्षकालाही चित्रपट त्याच्या गुन्ह्यात सामील करून घेतो. त्याच वर्षी आलेल्या हिचकॉकच्या ‘सायको’तला न्हाणीघरातला प्रसंग जेमतेम पाऊण मिनिटाचा आहे, आणि सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, तुकड्यातुकड्यांचे संकलन आणि व्हायोलिनचा कर्कश स्वर यांच्या जोरावर प्रेक्षक ते स्वतःच्या मनात पाहतो.

अमेरिकेत पुढचे दशक व्हिएतनाम युद्धाचे आणि वंशसंघर्षाचे होते. १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्या टोळीच्या गोळीने मरतो, आणि अखेरची दृश्ये वर्तमानपत्रातल्या खरखरीत छायाचित्रांसारखी स्थिरचित्रांतून येतात. १९७४च्या ‘द टेक्सस चेनसॉ मॅसकर’ची हकिगत या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. ब्रिटिश सेन्सॉरने त्याला प्रमाणपत्र नाकारले. काटछाट करून काही जमते का हे पाहिले गेले, पण कापण्याजोगे एखादे दृश्य हाती लागेना, कारण दहशत एखाद्या दृश्यात नव्हती. ती आवाजात, उन्हात आणि प्रसंगांच्या अखंड ताणात मुरलेली होती. हा चित्रपट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे, पण ब्रिटनमध्ये त्याला विनाकाट मंजुरी १९९९मध्येच मिळाली. कात्रीला न सापडणारे भय हा कलात्मक बांधणीचा पुरावा असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

व्हिडिओ कॅसेट आल्यावर ब्रिटनमध्ये नैतिक घबराट पसरली. सरकारी वकिलांनी कारवाईयोग्य वाटलेल्या ७२ चित्रपटांची यादी केली आणि १९८४मध्ये खास कायदा झाला. त्या यादीत आंद्रे झुवाव्स्कीचा ‘पझेशन’ही होता, ज्यातल्या भूमिकेसाठी इझाबेल अजानीला १९८१ साली कानच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता. मात्र यादीतले सगळेच चित्रपट अन्यायाचे बळी होते असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांतले बरेचसे सुमार, गल्लाभरू होते. इटलीच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’च्या दिग्दर्शकावर नटांना खरोखर मारल्याचा आरोप आला, आणि ते जिवंत आहेत हे न्यायालयाला दाखवून द्यावे लागले, पण त्या चित्रपटात मारलेले प्राणी खरेच मेले. त्याची रचना पुढच्या अनेक चित्रपटांना वाट दाखवणारी आहे हे मान्य करूनही, एका दृश्यासाठी जीव घेण्याचा अधिकार कोणत्याही कलामूल्यातून मिळत नाही असे मला वाटते. बंदी हे काही गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे.

मुंबईत हा वाद भयपटांवरून सुरू झाला नाही. त्याला आकार आला तो एका लघुपटामुळे आणि मराठी नाटकांमुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. ती कापल्याशिवाय सर्वांसाठीचे प्रमाणपत्र मिळणार नाही असे सांगितले गेल्यावर अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने विनाकाट प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली, तरी त्यांनी तत्त्वाचा प्रश्न सोडला नाही. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिलेल्या निकालाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण (सेन्सॉरशिप) वैध ठरवले. म्हणजे अब्बास त्या अर्थाने हरले. पण त्याच निकालात असे म्हटले आहे, की बलात्कार, कुष्ठरोग किंवा अनैतिकता हे विषय चित्रपटात आहेत म्हणून कात्री लागता कामा नये, निर्मात्याने ते कसे हाताळले आहेत हे पाहावे. नादिरशहाने कवट्यांचे ढीग रचले असतील तर ते कथेतून गाळायचे काय, असाही प्रश्न निकालात आहे. त्याचबरोबर गोयाच्या युद्धचित्रांपेक्षा तीच दृश्ये रंग, ध्वनी आणि हालचालींसह पाहणे अधिक हादरवणारे असते, याचीही जाणीव तिथे ठेवलेली आहे. भयपटांच्या बाजूने आणि विरोधात पुढे जे काही बोलले गेले त्याचे बीज या एका निकालात सापडते.

त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. कुटुंबातल्या हिंसेचे इतके उघडे दर्शन मराठी प्रेक्षकाने आधी पाहिले नव्हते. नाटके तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचा एक आक्षेप साडीवरच्या रक्ताच्या डागावर होता. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि मंडळाच्या आदेशामुळे तो निळा आहे, प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे प्रयोगापूर्वी जाहीर केले जाऊ लागले. रंग बदलून भय कमी झाले नाही; ते प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवले गेल्याने वाढलेच असावे. (नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा वर्ण निळाच सांगितला आहे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.) दोन वर्षांनी ‘सखाराम बाइंडर’चे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. अस्वस्थ करण्याचा कलावंताचा हक्क मराठी रसिकांनी अशा रीतीने आधी नाटकाच्या प्रेक्षागृहात, वादविवाद करत, मान्य केला.

हिंदी भयपट मात्र या चर्चेपासून दूर वाढला. रामसे बंधूंनी १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून कमी खर्चाचे चित्रपट काढले, आणि १९८४चा ‘पुराना मंदिर’ जोरात चालला. त्यांच्या मुखवट्यांना आणि धुक्याला स्वतःची एक दृश्यशैली होती, पण गंभीर समीक्षेने त्यांची दखल फार उशिरा घेतली. १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी मुंबईकरांना जगभरचा सिनेमा पाहायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. तरी भयपट हा बराच काळ अभ्यासाचा विषय मानला गेला नाही, असे माझे निरीक्षण आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा घरोघरी वाचणाऱ्या समाजात हे थोडे आश्चर्याचेच होते.

गेल्या दशकात चित्र बदलले. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने २०१७मध्ये उसाच्या फडाचा चक्रव्यूह करून मुलगी नको असलेल्या समाजाचे भय गरोदर स्त्रीच्या नजरेतून दाखवले. भूत तिथे आहेच, पण अंगावर काटा येतो तो घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या मायाळू बोलण्याने. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने २०१८ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन केले. २०२४मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. सतत कोसळणारा पाऊस, वाड्यातला ओला काळोख आणि हाव धरून जिवंत राहिलेली आजी यांतून त्याने जो बीभत्स उभा केला, तो कोणत्याही विदेशी चित्रपटाची उसनवारी नाही.

कायद्याची बाजूही मधल्या काळात सरकत राहिली. चित्रपट प्रमाणन मंडळासाठीच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चित्रपट समग्र परिणामाच्या दृष्टीने पाहायचा असतो, पण निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य आणि भयाची दृश्ये असू नयेत, असेही तीच तत्त्वे सांगतात. टाळता येण्याजोगे काय, हे परीक्षण समितीने ठरवायचे. ‘बँडिट क्वीन’ भयपट नव्हता, तरी १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातले विटंबनेचे दृश्य वासना चाळवणारे नसून अत्याचाऱ्यांविषयी घृणा जागवणारे आहे असे मानले, आणि जुगुप्सेला कलेत स्थान असते हे एका अर्थी न्यायालयीन भाषेत नोंदले गेले. त्या चित्रपटाला मंजुरी देणारे अपील न्यायाधिकरण २०२१मध्ये बरखास्त झाले. आता मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर थेट उच्च न्यायालयात जावे लागते. मोठ्या निर्मात्याला तो खर्च आणि विलंब झेपतो. पहिलाच चित्रपट करणारा दिग्दर्शक प्रदर्शनाची तारीख जवळ आली की काही मिनिटांची काटछाट मान्य करून टाकतो, आणि कापलेली ती मिनिटे कशी घेतली होती यावर बोलण्याची संधी प्रेक्षकाला मिळतच नाही.