एकरंगी अमूर्त चित्रातील पोत

एकाच रंगाच्या अथवा त्याच्या निकटच्या छटांच्या लेपनाने सिद्ध होणाऱ्या अमूर्त चित्रात रंगपृष्ठाला येणारा खरखरीत, घोटीव, भेगाळ वा मखमली गुण. आकृती आणि रंगविरोध वजा झाल्यावर नजरेला धरायला लेपाची जाडी, कुंचल्याचा फराटा आणि त्यांवर पडणारा उजेड एवढेच उरते. त्यामुळे या चित्रप्रकारात पोत हाच विषय ठरतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. फ्रेंच लेखक पॉल बिलो याने १८८२ मध्ये पॅरिसमधील एका प्रदर्शनात संपूर्ण काळे चित्र थट्टा म्हणून मांडले. काही अभ्यासक परंपरा तेथून मोजतात. परंतु त्या थट्टेचा सारा भार शीर्षकावर होता, लेपाला त्यात काम नव्हते. रशियन चित्रकार काझिमिर मालेविचचा ‘काळा चौरस’ पेट्रोग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) डिसेंबर १९१५ मध्ये प्रथम प्रदर्शित झाला. त्याने स्वतः १९१३ हे वर्ष सांगितले असले, तरी ते सामान्यतः स्वीकारले जात नाही. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या क्ष-किरण तपासणीत काळ्या लेपाखाली आधीच्या रंगीत रचना आढळल्या. शिवाय चौरसाभोवती पांढरी कड असल्याने काटेकोर अर्थाने हे चित्र एकरंगी म्हणता येत नाही. मालेविचच्याच १९१८ च्या पांढऱ्यावरील पांढऱ्या चौरसात थंड व उबदार पांढऱ्यातील सूक्ष्म फरक आणि कुंचल्याच्या खुणा यांवरच आकार उभा आहे. त्याचाच देशबांधव अलेक्सांद्र रोदचेन्कोने १९२१ मध्ये लाल, पिवळा व निळा असे तीन सलग एकरंगी कॅनव्हास मांडले. निव्वळ एका रंगाची कसोटी लावल्यास १९२१ हे वर्ष धरावे लागते. मात्र पृष्ठाच्या घडणीसाठी तत्कालीन रशियन कलावंत वापरत त्या ‘फाक्तुरा’ या संकल्पनेच्या दृष्टीने १९१८ चे चित्र अधिक महत्त्वाचे वाटते.

पोत मुख्यतः रंगद्रव्य (रंगाची भुकटी) व बंधक (तिचे कण धरून ठेवणारे तेल, राळ इत्यादी) यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. कोरड्या भुकटीत कणांमध्ये हवा असते, म्हणून प्रकाश विखुरतो व रंग टवटवीत दिसतो. तेल ही पोकळी भरते. अल्ट्रामरिनसारखा निळा त्यात गडद, पारदर्शक होतो. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनने तेलाऐवजी कृत्रिम राळ वापरून भुकटीचा मखमलीपणा टिकवला व १९६० मध्ये ती कृती फ्रान्समध्ये नोंदवली. चुन्याची सफेदी याच तत्त्वाचे घरगुती उदाहरण होय. वाई-मेणवलीकडील जुन्या वाड्यांच्या भिंतीवर ओला चुना फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. पाणी उडून छिद्रांत हवा शिरली की तो पांढराशुभ्र होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पुढे तो कठीणही होतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवरचे बोटांचे अर्धगोल फराटे ज्याने निरखले आहेत, त्याला एका रंगातला पोत वेगळा शिकवावा लागत नाही.

भेग हाही पोतच. इटालियन कलावंत पिएरो मांझोनीने १९५७ पासून केओलिन मातीत भिजवलेले कॅनव्हास रंगाविना वाळवले. इटलीच्याच अल्बेर्तो बुर्रीच्या ‘क्रेत्ती’ (भेगा) मालिकेत तडेच रचना करतात. सुकताना लेप आकसतो, खालचा आधार आकसत नाही, म्हणून तडा जातो. कृष्णाकाठच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांमागेही आकसणेच आहे. फ्रेंच चित्रकार प्येर सुलाजने १९७९ पासून जाड काळ्या लेपावर कंगोरे काढून काळ्यावरून परतणारा प्रकाश हेच साधन केले.

भारतात नागपूर येथे जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे काम या संदर्भात सर्वांत मोलाचे आहे. रोलर व पॅलेट नाइफने (रंग लावण्या-खरवडण्याची बोथट सुरी) थर देणे, पुन्हा काढणे ही त्यांची पद्धत. स्वतःच्या चित्रांना ते ‘अमूर्त’ ऐवजी ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाची संज्ञा लावत. त्यांची चित्रे काटेकोरपणे एकरंगी नसली, तरी बहुधा एकाच रंगाचे वर्चस्व दाखवतात.

सातारा जिल्ह्यात औंध येथील श्री भवानी संग्रहालय (स्थापना १९३८) प्रामुख्याने आकृतिप्रधान चित्रांसाठी ओळखले जाते. तरीही लेपाचा अभ्यास करणाऱ्याने तेथील तैलचित्रे बाजूने, तिरप्या उजेडात पाहावीत. छापील प्रतीत रविवर्म्याची आकृती कळते, तिच्यावरचा रंगाचा थर कळत नाही.